नातींसाठी बांधलेली खोली

आम्ही कायमचे घरी येतोय, असं मी बाबांना तीनदा कळवलं आणि पहिल्या दोन्ही वेळा आलो नाही. तिसऱ्यांदा खरंच आलो. पण तोवर बाबांनी नातींसाठी बांधलेल्या खोलीत दुसरीच एक मुलगी वाढायला लागली होती, आणि आमच्यासाठी तिला तिथून उठावं लागलं. त्याबद्दल मला कधी कोणी बोल लावला नाही. बाबांनी नाही, त्या मुलीच्या आईनं तर नाहीच.

मी नागपूरची. सदर भागात चर्चच्या मागच्या गल्लीत आमचं छोटं कौलारू घर होतं. अंगणात जांबाचं झाड. पुण्याकडचे लोक ज्याला पेरू म्हणतात ते. बाबा रेल्वेत गार्ड. आई मी नर्सिंगला असतानाच गेली. मी एकुलती एक, त्यामुळे माझं लग्न झालं की बाबा एकटे उरणार हे उघडच होतं. माझे यजमान गणिताचे शिक्षक. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झांबियातल्या सरकारी शाळांना शिक्षक हवे होते आणि आपल्याकडून पुष्कळ लोक जात होते. ह्यांचाही अर्ज मंजूर झाला. करार तीन वर्षांचा होता. आम्हाला निरोप द्यायला बाबा स्टेशनवर आले तेव्हा म्हणाले, "तीन वर्षं म्हणजे काय वं, तीन उन्हाळे. पाहता पाहता जातात." एवढं बोलून ते डब्याचं दार नीट लागतं की नाही ते पाहायला लागले. नोकरीची सवय.

आमचं तिकडचं गाव तांब्याच्या खाणींचं होतं. शाळेनं दिलेला बंगला, पुढे हिरवळ, नळाला गरम पाणी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जांभळ्या फुलांची झाडं. मला तिथल्या दवाखान्यात लगेच काम मिळालं. मोठी मुलगी पहिल्या वर्षीच झाली, धाकटी तिच्यानंतर दोन वर्षांनी. माझ्या ड्यूटीच्या वेळी मुलींना सांभाळायला एक बाई येत. तिकडे आईला, आणि आईच्या वयाच्या कोणत्याही बाईला मानानं, 'बामायो' म्हणतात. मुली त्यांना बामायो म्हणायच्या, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. दोघी मुलींचे पहिले शब्द त्यांच्याच भाषेतले, बेंबातले. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा हातानं मोडायचा आणि शेंगदाण्याच्या कुटातल्या पालेभाजीला लावून खायचा, हे मुलींचं जेवण. मी केलेला वरणभात त्या मला वाईट वाटू नये म्हणून खायच्या. रविवारी आम्ही सगळे चर्चला जायचो. उपासना बेंबात व्हायची. मुली बामायोंच्या शेजारी उभ्या राहून मोठमोठ्यानं गीतं म्हणायच्या आणि मला त्यातलं अर्धंमुर्धंच कळायचं.

मराठी मी त्यांना शिकवली नाही. शिकवू, शिकवू म्हणत राहिले. आम्ही दोघं आपसांत मराठी बोलायचो आणि मुलींशी इंग्रजी. दमून आल्यावर जे पटकन समजेल ते बोलायचं, एवढाच त्यात विचार होता.

पहिला करार संपत आला तेव्हा धाकटी नुकती झाली होती. मी बाबांना लिहिलं, येत्या डिसेंबरात येतो. बाबा त्याच वर्षी निवृत्त झाले होते. त्यांनी घराच्या मागच्या बाजूला एक नवी खोली बांधायला काढली. मी एका पत्रात सहज लिहून गेले होते की मोठीला कमोडचीच सवय आहे. तर त्या खोलीला लागून त्यांनी इंग्रजी संडास बांधून घेतला. आमच्या गल्लीतला तो पहिलाच. शेजारच्या बायका येऊन पाहून गेल्या म्हणे. सुताराकडून सागवानाचे दोन छोटे पलंग करून घेतले. त्यातला एक ज्या बाळासाठी होता ते अजून पाळण्यात होतं. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी आमच्या सुखरूप प्रवासासाठी प्रार्थनाही केली.

आणि ह्यांना उपमुख्याध्यापक केलं. पुढच्या तीन वर्षांचा करार समोर आला. बाळ लहान आहे, एवढा प्रवास नको, असं मी बाबांना लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. बाळ लहानच होतं.

दुसऱ्यांदा न येण्याचं कारण मी होते. बाबांनी मोठीसाठी सदरच्याच एका कॉन्व्हेंटमध्ये जागा धरून ठेवली होती, त्यासाठी तिथल्या सिस्टरांकडे खेटे घातले होते. नेमकं त्याच सुमाराला मला मुलांच्या वॉर्डची सिस्टर-इन-चार्ज केलं. नागपूरला परतले असते तर पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली, पुन्हा रात्रपाळीपासून सुरुवात होती. इथं वॉर्ड माझा होता. खिडक्यांना पडदे कोणत्या रंगाचे लावायचे हेसुद्धा मी ठरवत होते. हे म्हणाले, "तू म्हणशील तसं. जायचं तर जाऊ." मी आठवडाभर विचार केल्यासारखं केलं आणि राहू या म्हणाले.

बाबांचं उत्तर महिन्यानं आलं. तुमची कामं महत्त्वाची आहेत. कॉन्व्हेंटला कळवून टाकलं. यंदा काटोलची संत्री बारीक आहेत, पण गोड आहेत. पलंगांना पुन्हा पॉलिश करून घेतलं. बस, एवढंच. ते रागावले असते तर मी उलट चार गोष्टी लिहिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. त्यांनी ती सोय ठेवली नाही.

त्यानंतर वर्षभरानं त्यांनी कळवलं की मागची खोली भाड्यानं दिली. भिवापूरकडची एक बाई होती. शेतकरी घरातली, नवरा अपघातात गेला आणि ती टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागली. सोबत चार वर्षांची मुलगी. रिकामी खोली मी किती दिवस झाडत बसू, असंही बाबांनी लिहिलं होतं. मला बरंच वाटलं. म्हातारा माणूस एकटा. घरात कोणी असलेलं चांगलं.

पण मग पत्रांतून ती मुलगी यायला लागली. तिच्या आईची दुपारपाळी असली की ती बाबांपाशी असायची. तिचा दात पडला. कच्चे जांब खाऊन तिचं पोट दुखलं. बाबांनी तिला गार्डाची शिट्टी वाजवायला शिकवली आणि आता गल्लीतले लोक तक्रार करतात. पूर्वी बाबांचं पत्र अर्धं पानही भरायचं नाही, आता दोन्ही बाजू भरून मजकूर समासात चढायला लागला. नातींबद्दल ते विचारायचे, नाही असं नाही. पण काय विचारणार? मुली बऱ्या असतील, अभ्यास करत असतील. त्यांना त्या ठाऊकच नव्हत्या. आमच्या मुलींच्या वाट्याची माया दुसरीकडे चालली आहे, अशी मला म्हणे काळजी वाटायची. काळजी कसली, मला त्या पोरीचा हेवा वाटत होता. बाप नसलेल्या, चार-पाच वर्षांच्या पोरीचा.

तिसरा करार संपेपर्यंत त्या देशानं आपले स्वतःचे शिक्षक तयार केले होते. ह्यांची मुदत वाढणार नाही असं कळलं. मोठी आठ वर्षांची झाली होती, धाकटी सहाची. आता न जाण्याचा प्रश्नच नव्हता. मी बाबांना लिहिलं, डिसेंबरात येतो, या वेळी नक्की, खोली तोवर रिकामी करून घ्या, मुलींना त्यांची स्वतःची जागा लागेल. हे लिहिताना माझा हात जरासुद्धा थांबला नाही. पाकीट बंद केलं आणि दवाखान्यात जाता जाता टपालपेटीत टाकलं.

मग आवराआवर सुरू झाली. फ्रीज कोणाला, सायकली कोणाला, हे ठरत गेलं. मुलींना आम्ही सगळं नीट सांगितलं होतं: आपण आपल्या घरी जातोय, तिथं आजोबा आहेत. धाकटी म्हणाली, "आपण घरीच तर आहोत." मोठीनं तिच्या बाहुल्या मैत्रिणींना वाटून टाकल्या, कोणी सांगितलं नसताना.

शेवटच्या सहा महिन्यांत मी नियम केला की घरात फक्त मराठी बोलायचं. मोठी पुस्तकातल्यासारखं बोलायला लागली, "आई, कृपा करून मला पाणी द्या." धाकटीनं बोलणंच बंद केलं. जेवताना मीठ हवं असलं की बोट दाखवायची. मी म्हणायची, "मीठ म्हण." ती बोट खाली घ्यायची आणि अळणीच जेवायची. नंतर स्वयंपाकघरात बामायोंपाशी गेली की मात्र तिचा आवाज सुरू व्हायचा. एकदा मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. ती काहीतरी लांबलचक सांगत होती आणि बामायो हसत होत्या. माझा संताप झाला. मी आत गेले आणि बामायोंना म्हटलं, "आता तिच्याशी तुमच्या भाषेत बोलू नका. तिला तिकडे जड जाईल."

बामायो हातातलं भांडं तसंच धरून उभ्या राहिल्या. त्यांना इंग्रजी मोडकंतोडकं यायचं. त्या म्हणाल्या, "मग मी तिच्याशी काय बोलू?"

त्या दिवसापासून स्वयंपाकघरही शांत झालं. काही दिवस मी तसंच चालू दिलं. धाकटी रात्री दचकून उठायला लागली तेव्हा नियम मागे घेतला. पण मग ती पहिल्यासारखी बोलेना. बामायोंपाशीसुद्धा हळू आवाजात बोलायची, दाराकडे बघत.

एका दुपारी आम्ही दोघी मुलींचे कपडे ट्रंकेत भरत होतो. बामायोंनी विचारलं, "ह्यांना कोणाकडे नेताय?"

"माझ्या वडिलांकडे."

"ते ह्यांना ओळखतात?"

"फोटो पाहिलेत त्यांनी."

त्यांनी एक फ्रॉक घडी घालून ठेवला, मग उलगडून पुन्हा घडी घातली. मग म्हणाल्या, "माझी मुलंही माझ्या आईपाशी आहेत. मी गेले की पहिले दोन दिवस लाजतात. तिसऱ्या दिवशी जवळ येतात, तेवढ्यात मला निघायचं असतं."

त्यांची मुलं गावाकडे आहेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नाताळात मी त्यांच्यासाठी कपडे पाठवायची. ती मुलं तिकडे आहेत, कारण त्यांची आई इथं माझ्या मुलींपाशी आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. किंवा आलं होतं आणि मी कपडे पाठवत राहिले. काय ते मला अजून सांगता येत नाही.

निघायच्या दिवशी बामायो आल्याच नाहीत. धाकटी मोटार निघेपर्यंत फाटकाशी उभी होती. ह्यांनी तिला उचलून आत बसवलं.

नागपूरला गाडी सकाळी पोचली. बाबा फलाटावर उभे होते, आणि आमचा डबा बरोबर त्यांच्यापुढेच येऊन थांबला. ते इतके वाळले होते की त्यांचा कोट दुसऱ्या कोणाचा तरी घातल्यासारखा दिसत होता. मोठीनं पढवल्याप्रमाणे "नमस्कार आजोबा" म्हटलं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि धाकटीसाठी वाकले. त्यांनी इंग्रजी वाक्य पाठ करून आणलं होतं, "वेलकम होम, माय डिअर." धाकटी माझ्या मागे गेली ती टांगा घरापाशी येईपर्यंत पुढे आली नाही.

खोलीला नवा चुना लावलेला होता, वास येत होता. दोन्ही पलंगांवर धुतलेल्या चादरी, मच्छरदाण्या. मोठी रात्री झोपली तर तिचे पाय पलंगाच्या फळीला टेकत होते. बाबांनी ते पाहिलं. "थोडे लहान झाले," ते म्हणाले, जणू चूक सुताराची होती.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी फाटक वाजलं. दोन वेण्या, निळा फ्रॉक, पाठीवर दप्तर अशी एक मुलगी अंगणातून सरळ मागच्या खोलीकडे गेली. मी काही बोलायच्या आत बाबा आरामखुर्चीतून उठले आणि माझ्याकडे आले.

"ती शाळेतून इकडंच येते," ते घाईघाईनं म्हणाले. "महाल भागात खोली घेतली त्यांनी, पण शाळा इथलीच आहे, वर्ष संपेपर्यंत. आईची ड्यूटी सुटली का घेऊन जाते. तुले चालंल नं?"

माझा बाप त्याच्या स्वतःच्या घरात मला विचारत होता.

मी "चालेल की" म्हणेपर्यंत आतून आवाज आला. त्या मुलीनं सवयीनं दप्तर पलंगावर टाकलं होतं. पलंगावर धाकटी चित्रं काढत बसली होती. "ऊठ वं, हा माझा पलंग आहे," मुलगी म्हणत होती. धाकटी बेंबात काहीतरी ओरडली, कितीतरी दिवसांनी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला. तिनं दप्तर खाली ढकललं. मुलीनं तिचा कागद ओढला. मी दारात पोचले तेव्हाच धाकटीनं तिला दोन्ही हातांनी ढकललं, आणि मुलगी उंबऱ्यावर पडली. भुवई फुटली. कपाळावरून रक्त डोळ्यात आणि डोळ्यातून फ्रॉकवर.

मी नर्स, त्यामुळे हात आपोआप चालले. जखम धुतली, दाबून धरली. टाक्यांची गरज नव्हती, पट्टीवर भागलं. मुलगी रडली नाही. तिनं बाबांचं बोट धरून ठेवलं होतं आणि एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होती. मी मागे वळून पाहिलं तर धाकटी भिंतीला चिकटून उभी होती आणि तिच्या पायांशी ओलं झालं होतं. बाबांनी मोकळा हात तिच्याकडे केला. "ये बेटा," ते म्हणाले. ती आली नाही. तिला तो शब्दही समजला नसावा. बाबांचा हात तसाच पुढे राहिला, मग त्यांनी तो मांडीवर ठेवला.

संध्याकाळी मुलीची आई आली. माझ्याहून लहान, काटकुळी, पायात साध्या चपला. मी काय झालं ते सांगितलं, माझ्या मुलीची चूक आहे म्हटलं. तिनं पट्टी हलकेच दाबून पाहिली.

"पोट्ट्याच त्या. भांडतील नाही तं काय करतील? काहून मनाले लावून घेता ताई?"

मी तिला बसवलं, चहा ठेवला. बाबा मुलीला घेऊन अंगणात होते. मला तिची माफी मागायची होती, पण कशाकशाची ते नीट जुळेना. मी एवढंच म्हणाले, "तुम्हाला घाईनं खोली सोडावी लागली."

"घाई कुठली? आजोबांनी जा म्हटलंच नाही मले." ती हसली. "एकदा सांगाले आले, अन् जांब देऊन परत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पुन्हा जांबच. मले वाटलं, यंदा झाडाले लई जांब आले दिसतात. मंग मीच विचारलं, आजोबा, नाती येऊन राहिल्या का तुमच्या? तं तिथंच पायरीवर बसले अन् रडले."

मी चहात साखर घातली. घातली होती की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातली.

"पोरीले कसं सांगाव हेच त्यांले समजून नव्हतं राहिलं," ती म्हणाली. "मी सांगितलं तिले. म्हटलं, आजोबांच्या खऱ्या नाती येऊन राहिल्या."

"मला हे काहीच माहीत नव्हतं."

"तुम्हाले कसं माहीत असंल?" ती साधेपणानं म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. मी तो शोधत होते.

नाताळ झाल्यावर मी बाबांबरोबर महालात तिची खोली पाहायला गेले. सायकलरिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबली. पुढे पायी, मग अंधारा जिना, आणि वर एकच खोली, खिडकी गल्लीवर उघडणारी. नळ खाली, सगळ्यांचा मिळून एक. बाबा जिना चढताना कठडा धरून थांबत होते, पण वाटेतली प्रत्येक पायरी त्यांना पाठ होती. ते इथं आधी येऊन गेले होते हे मला तेव्हा कळलं. मी घरी ह्यांच्याशी बोलून आले होते. मी तिला म्हटलं, "तुम्ही दोघी परत या. आम्ही पुढच्या खोल्यांमध्ये मावतो. मुली आमच्याजवळ झोपतील."

तिनं आधी मुलीकडे पाहिलं. मुलगी खिडकीत बसून खालच्या दुकानदाराशी मोठ्यानं बोलत होती. भुवईवरची खपली सुकत आली होती.

"नको ताई," ती म्हणाली. "सुरवातीले रोज रडे. आता खालच्या पोरींसंगं खेळते. पुन्हा हलवाले नको तिले. एवढ्याशा लेकराले किती डाव उठवाव?"

बाबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं. मलाही पटलं, आणि जिना उतरताना मला माझी धाकटी फाटकाशी उभी असलेली दिसत राहिली.

वर्ष संपेपर्यंत मुलगी रोज येत राहिली. पहिले काही दिवस दोघी अंगणाच्या दोन टोकांना बसायच्या. मग कधी तरी एकत्र झाडावर चढलेल्या दिसल्या. धाकटीच्या तोंडून मराठी ऐकू आली ती अशी, झाडावरून, "काहून ढकलतेस वं?" मी शिकवलेली ती मराठी नव्हती. मी घरात जाऊन रडले. बाबा म्हणाले, "आता काहून रडून राहिली? बोलली न पोट्टी." मला त्यांना सांगता आलं नाही की मी सहा महिने तिचं तोंड बंद करून ठेवलं होतं, आणि जिची खोली घेतली त्या पोरीनं ते उघडलं.

पुढच्या वर्षी मुलगी महालातल्या शाळेत गेली आणि तिचं येणं सणावारापुरतं राहिलं. बाबा शनिवारी तिकडे जायचे. आधी सायकलरिक्षानं, आणि पुढे गुडघे गेल्यावर ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून. धाकटी बाबांजवळ आली, पण सावकाश. मोठी लगेच आली, ती सगळ्यांशीच शहाण्यासारखी वागायची.

बेंबा भाषा मुलींच्या तोंडातून कधी गेली ते मला कळलंच नाही. तिकडच्या चर्चमधल्या एका बाईनं दोन-तीन वर्षांनी नाताळच्या कार्डाबरोबर बामायोंचा फोटो पाठवला. बाजूला त्यांची मुलं होती, वाढलेली. आता त्या गावाकडेच राहतात, असं कार्डावर होतं. मी फोटो धाकटीला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. "ह्यांच्या हाताला कसला तरी वास यायचा," ती म्हणाली. "शेंगदाण्याचा असेल." नाव आठवलं नाही तिला. मी सांगितलं तेव्हा तिनं ते मराठीत एखादं आडनाव म्हणावं तसं म्हटलं.

बाबा आमच्यात सहा वर्षं राहिले. त्यांनी आमच्या न येण्याचा विषय कधीच काढला नाही, म्हणून एकदा मीच काढला. तेव्हा ते अंथरुणाला लागलेले होते आणि मी त्यांचे पाय चेपत होते. "बाबा, तुम्हाला माझा राग आला होता का?"

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. "राग नाही आला," ते म्हणाले. "चर्चमध्ये लोक विचारत, केव्हा येऊन राहिले म्हणून. मंग मी काही दिवस उपासनेले उशिरा जाऊ लागलो अन् लवकर निघू लागलो." थोड्या वेळानं म्हणाले, "जरा वर चेप."

ते गेले तेव्हा पावसाळा संपत आला होता. कब्रस्तानात टेलिफोनवाल्या बाई आणि त्यांची मुलगी आल्या होत्या, मागे बायकांच्या घोळक्यात उभ्या. धाकटी जाऊन त्या मुलीच्या शेजारी उभी राहिली आणि शेवटपर्यंत तिथंच राहिली. मी त्या मायलेकींना पुढे बोलवायला हवं होतं. पाळकसाहेब वाचत होते, लोक माती टाकायला पुढे येत होते आणि मी तशीच उभी राहिले.

परतताना मोठी माझ्याबरोबर चालत होती. ती चौदा वर्षांची होती. तिला इतकं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "आपण आजोबांसाठी आलो होतो ना इकडे?"

"हो."

"मग आधी का नाही आलो?"

माझ्याकडे कारणं तयार होती. बाळ लहान होतं. ह्यांची बढती होती. शाळा, करार, प्रवास.

"मला तिथं आवडत होतं," मी म्हणाले.

रस्त्यात चिखल होता. तिनं साडीचा काठ भिजू नये म्हणून माझ्या निऱ्या थोड्या वर धरल्या.

"मलाही आवडायचं," ती म्हणाली.